श्नेबेर्गचा रोग: एका वायूच्या मोजमापाचा इतिहास

जॉर्जियस अ‍ॅग्रिकोला ह्या जर्मन पंडितानें खाणविद्येवर लॅटिन भाषेंत लिहिलेला मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर एक वर्षानें, १५५६ सालीं, बाझेल येथें छापून निघाला. खाण कशी खणावी, तींतील पाणी कसें उपसावें, धातु कसा गाळावा, ह्या सर्वांचें सचित्र वर्णन त्यांत आहे. आणि ह्या यंत्रांच्या गर्दींत, खाणकामगारांच्या आजारांविषयीं लिहितां लिहितां, ग्रंथकारानें एक विलक्षण गोष्ट सहज सांगून टाकिली आहे. कार्पेथियन पर्वतांतील खाणींच्या मुलखांत अशा स्त्रिया आढळतात कीं ज्यांनीं एकामागून एक सात नवरे केले आणि ते सातही क्षयानें अकालीं गेले, असें तो म्हणतो. आपल्याकडील पांढरपेशा समाजांत त्या काळीं विधवेस दुसरें लग्न नव्हतें. तेव्हां असा हिशेब येथें उघडकीस येणेंच अशक्य होतें. युरोपांतही मेलेल्या कामगारांची यादी कोणी ठेवीत नव्हतें. ती राहिली ती त्यांच्या बायकांच्या लग्नांच्या संख्येंत.

१९१२ सालीं ह्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर हर्बर्ट हूव्हर ह्या खाण-इंजिनिअरानें आपल्या पत्नीच्या सहकार्यानें प्रसिद्ध केलें. हेच गृहस्थ पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झाले. आम्हीं अ‍ॅग्रिकोला वाचला तो त्याच भाषांतरांतून, आणि त्यामुळें एक चूक आमच्या लक्षांत आली. सात नवऱ्यांची ही गोष्ट पुढील बहुतेक लेखकांनीं सॅक्सनी आणि बोहेमिया ह्यांच्या सीमेवरील एर्झगेबिर्ग डोंगराच्या नांवावर घातली आहे. अ‍ॅग्रिकोला त्या डोंगरांतील योआखिमस्टाल ह्या गांवीं १५२७ पासून कांहीं वर्षें वैद्य होता हें खरें. परंतु त्याची ती ओळ कार्पेथियन पर्वताविषयींची आहे. शिवाय त्या काळीं दगडाच्या धुळीनें होणारा दमा, खरा क्षय आणि फुप्फुसांतील गांठ ह्यांत भेद करणारें शास्त्रच नव्हतें. ते सात नवरे नक्की कशानें गेले हें आतां कोणी सांगूं शकणार नाहीं. आमची गोष्ट मात्र एर्झगेबिर्गचीच आहे, आणि तेथील कामगार कशानें मेले हें आज आपणांस पक्कें ठाऊक आहे. तें ठाऊक होण्यास चारशें वर्षें लागलीं ह्याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. शेवटचीं पन्नास वर्षें कां लागलीं, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

एर्झगेबिर्ग म्हणजे धातूंचा डोंगर. पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या उत्तर अंगास श्नेबेर्ग येथें आणि १५१६ सालानंतर दक्षिण अंगास योआखिमस्टाल येथें रुप्याच्या खाणींची भरभराट झाली. योआखिमस्टालच्या रुप्याचीं जीं नाणीं पाडलीं गेलीं त्यांस लोक ‘टालर’ म्हणूं लागले, आणि त्याच शब्दापासून पुढें ‘डॉलर’ निघाला. एवढी लक्ष्मी ज्या डोंगरानें बाहेर टाकिली तेथील कामगार ‘बेर्गझुख्ट’ म्हणजे डोंगराचा रोग ह्या नांवानें एका आजाराचा उल्लेख करीत. पॅरासेल्सस ह्या विक्षिप्त पण तीक्ष्ण बुद्धीच्या वैद्यानें त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. तें त्याच्या मरणोत्तर, १५६७ सालीं, प्रसिद्ध झालें. पुढें रुपें सरत आलें आणि खणणाराच्या पहारीस एक काळा, जड, डांबरासारखा चकाकणारा दगड लागूं लागला. त्याला ते ‘पेखब्लेंड’ म्हणत. हा दगड दिसला कीं रुप्याची शीर संपली असें समजावें, म्हणून तो शिव्या देऊन ढिगाऱ्यावर फेंकून देण्यांत येई. क्लाप्रोट ह्या रसायनशास्त्रज्ञानें १७८९ सालीं त्यांतूनच युरेनियमचा शोध लाविला, तरी त्या दगडाचा उपयोग पुढील शंभर वर्षें काचेला पिवळा-हिरवा रंग देण्यापलीकडे फारसा झाला नाहीं.

ह्या रोगाची पहिली शास्त्रीय तपासणी १८७९ सालची. श्नेबेर्गच्या खाणींचा डॉक्टर हार्टिंग आणि त्या जिल्ह्याचा डॉक्टर वाल्टर हेसे ह्या दोघांनीं मेलेल्या कामगारांचीं शवें तपासून दाखवून दिलें कीं हा क्षय नसून फुप्फुसांतील मारक गांठींचा रोग आहे, आणि खाणींतील सुमारें चार मृत्यूंपैकीं तीन ह्याच रोगाचे आहेत. त्या काळीं फुप्फुसाचा कर्करोग इतरत्र इतका दुर्मिळ होता कीं एखाद्या डॉक्टरास उभ्या आयुष्यांत तो एकदां पाहावयास मिळाला तरी पुष्कळ. आणि ह्या एका खेड्यांत तो घरोघर होता. वाल्टर हेसे ह्याचें नांव वैद्यकाच्या इतिहासांत आणखी एका कारणानें येतें. जंतु वाढविण्यासाठीं जिलेटिनऐवजीं अगर-अगर वापरावें ही युक्ति रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेस मिळाली ती ह्याच्या पत्नीकडून. मुरंबे आणि जेली घट्ट करण्याची तिची स्वयंपाकघरांतील विद्या जगांतील सर्व जंतुशास्त्राच्या उपयोगी पडली. परंतु खाणींतील रोगाच्या कारणाविषयीं ह्या पतिपत्नींस किंवा हार्टिंगला कांहीं सांगतां आलें नाहीं. तेथील कोबाल्टच्या खनिजांत सोमल असतो. तेव्हां दोष सोमलाच्या धुळीचा असावा, असा त्यांनीं तर्क केला. १८७९ सालीं ह्याहून अधिक चांगला तर्क करणें शक्य नव्हतें.

तें शक्य झालें पुढील बावीस वर्षांत. १८९६ सालीं बेकेरेलला युरेनियमचे किरण सांपडले. १८९८ सालीं क्यूरी दांपत्यानें योआखिमस्टालच्या त्याच काळ्या दगडांतून पोलोनियम आणि रेडियम हीं दोन नवीं मूलद्रव्यें दाखवून दिलीं. पुढें त्यांनीं जें कित्येक टन खनिज उकळलें तें युरेनियम काढून घेतल्यावर उरलेला तेथील गाळ होता. १९०० सालीं डोर्न ह्यानें रेडियममधून एक वायु बाहेर पडतो असें नोंदविलें. हाच पुढें रेडॉन ह्या नांवानें ओळखला गेला. ह्यास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. तो कोणत्याही द्रव्याशीं सहसा संयोग पावत नाहीं आणि चार दिवसांच्या आंत त्याचा अर्धा भाग नष्ट होतो.

येथें ह्या इतिहासांतील आमचीं आवडतीं माणसें येतात. जर्मनींतील वोल्फेनब्युटेल गांवच्या शाळेंत युलिउस एल्स्टर आणि हान्स गाइटेल नांवाचे दोन शिक्षक होते. दोघे लहानपणापासूनचे मित्र. शाळा सुटल्यावर घरच्या प्रयोगशाळेंत एकत्र काम करीत. त्यांनीं १९०१ सालीं एक लांब तार उघड्या हवेंत ताणली, तिला ऋण विद्युतेचा मोठा भार दिला आणि कित्येक तास तशीच ठेविली. मग ती तार चामड्याच्या तुकड्यानें पुसली. तो तुकडा विद्युद्दर्शकाजवळ नेतांच त्यांतील पानें भराभर मिटूं लागलीं. म्हणजे ज्या हवेंत आपण श्वास घेतों तींतूनच कांहीं किरणोत्सर्गी द्रव्य त्या तारेवर येऊन बसलें होतें. हेंच त्यांनीं तळघरांत आणि गुहांत करून पाहिलें, तेव्हां तेथील हवा उघड्या हवेहून कितीतरी अधिक प्रबळ ठरली. पुढें जमिनींत नळी खुपसून काढलेल्या हवेंतही हाच गुण दिसला. लवकरच केंब्रिजमध्यें जे. जे. थॉमसन ह्यास खोल विहिरीच्या पाण्यांतही तो वायु सांपडला.

विद्युद्दर्शक म्हणजे काय हें ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. काचेच्या बरणींत एका धातूच्या दांडीस सोन्याचीं दोन अति पातळ पानें लटकाविलेलीं असतात. दांडीस विद्युत् दिली कीं पानें एकमेकांपासून दूर होतात. सभोंवारच्या हवेंत किरण असले कीं ती विद्युत् गळून जाते आणि पानें हळूहळू जवळ येतात. किती वेळांत जवळ आलीं हें घड्याळांत पाहावयाचें, मापन झालें. आमच्या विद्यार्थिदशेंत महाविद्यालयाच्या कपाटांत असें एक यंत्र होतें, आणि पावसाळ्याच्या दमट हवेंत त्याचीं पानें कोणत्याही किरणांवांचून मिटत. वोल्फेनब्युटेलच्या त्या मास्तरांची शिकस्त आम्हांस तेव्हां समजली.

आतां वाचकांनीं एका गोष्टीकडे लक्ष द्यावें, कारण पुढील सर्व कथा तिच्यावर फिरते. तारेवर जें बसलें होतें तें रेडॉन नव्हे. वायु तारेवर बसत नाहीं. रेडॉनचा अणु फुटला कीं त्यापासून जीं अपत्यें होतात तीं वायुरूप नसून घनरूप असतात; पोलोनियम, शिसें, बिस्मथ ह्यांचीं अल्पायुषी रूपें. तीं जन्मतःच धुळीच्या कणास, भिंतीस, तारेस, जें सांपडेल त्यास चिकटतात आणि तासाभरांत एकामागून एक फुटत जातात. रदरफोर्डनें विसाव्या शतकाच्या पहिल्या चार-पांच वर्षांतच त्यांची वंशावळ जुळवून दिली होती. म्हणजे एका बाजूस श्नेबेर्गच्या डॉक्टरांचा अहवाल होता आणि दुसऱ्या बाजूस ही तार होती. दोन्ही जर्मन भाषेंत, दोन्ही एकाच देशांत, आणि मध्यें प्रवास एका दिवसाचा. परंतु खाणीचे डॉक्टर पदार्थविज्ञानाचीं मासिकें वाचीत नव्हते, आणि पदार्थविज्ञानवेत्त्यांस खाणींत कोण मरतो ह्याची चौकशी करण्याचें कारण नव्हतें.

ह्या दोघांच्या मध्यें तिसराच एक वर्ग आला. कित्येक जुन्या प्रसिद्ध झऱ्यांच्या पाण्यांत हा वायु आहे असें कळतांच त्यांच्या औषधी गुणाचें रहस्य उकललें असें लोकांनीं मानलें. व्हिएन्नाच्या हाइनरिख माखे ह्यानें गाश्टाइनच्या झऱ्यांवर मापनें केलीं, आणि झऱ्यांतील वायूच्या प्रमाणास त्याच्याच नांवाचें परिमाण रूढ झालें; ज्या गांवच्या झऱ्याचे माखे अधिक त्या गांवचें भाडें अधिक! १९०६ सालीं योआखिमस्टाल येथें खाणीच्या पाण्याचीं स्नानें सुरू झालीं आणि १९१२ सालीं तेथें एक भव्य प्रासादतुल्य आरोग्यभवन उभें राहिलें. श्नेबेर्गच्या शेजारींच असलेल्या ओबेरश्लेमा ह्या गांवानें तर जगांत सर्वांत प्रबळ झरा आपलाच अशी ख्याति मिळविली. संधिवाताचे श्रीमंत रोगी जो वायु पैसे देऊन हुंगीत होते, तोच वायु थोड्या अंतरावर, जमिनीखालीं, कामगारांस मजुरीबरोबर फुकट मिळत होता. आम्ही ह्या स्नानगृहांच्या डॉक्टरांस लबाड म्हणत नाहीं. त्यांतील पुष्कळ प्रामाणिक होते, आणि अर्धा तास स्नान करणें व वीस वर्षें खाणींत काम करणें ह्यांत महदंतर आहे. परंतु ज्या वस्तूची औषध म्हणून जाहिरात होत आहे तिच्यावर विष म्हणून संशय घेणें कोणासही जड जातें.

संशय घेतला गेला तो १९२१ सालीं. मार्गारेटे उलिग ह्या विदुषीनें श्नेबेर्गच्या कर्करोगावर लिहितांना रेडियमच्या वायूकडे बोट दाखविलें. १९२४ सालीं लुडेविग आणि लोरेन्झर ह्यांनीं तेथील खाणींतील हवेंत तो वायु मोजून काढला. योआखिमस्टाल आतां चेकोस्लोव्हाकियांत यॉखिमोव्ह झालें होतें. तेथेंही क्यूरीबाईंचा शिष्य फ्रान्तिशेक बेहोउनेक ह्यानें खाणींत मापनें केलीं, आणि १९३२ सालीं पिर्खान व शिक्ल ह्या डॉक्टरांनीं तेथील कामगारांच्या फुप्फुसांचा कर्करोग सिद्ध करून हा वायुच त्याचें सर्वांत संभवनीय कारण असल्याचें लिहिलें. जर्मन सरकारनें १९२५ सालींच ‘श्नेबेर्गच्या रोगास’ धंद्यामुळें होणाऱ्या रोगांच्या यादींत घातलें होतें. आतां प्रकरण संपलें असें कोणासही वाटावें.

तें संपलें नाहीं, आणि त्याचें कारण मोठें शिकण्यासारखें आहे. वायूचें प्रमाण मोजल्यावर त्यापासून फुप्फुसास किती किरण मिळतील ह्याचा हिशेब मांडला, तेव्हां तो कर्करोग होण्यास अगदींच अपुरा ठरूं लागला. हिशेबांत चूक नव्हती; परंतु जो वायु आंत जातो तो श्वासाबरोबर बाहेरही येतो, आणि त्याचाच तो हिशेब होता. म्हणून विद्वानांनीं दुसरीं कारणें शोधलीं. १९४४ सालीं अमेरिकेंतील एगोन लोरेन्झ ह्या शास्त्रज्ञानें सर्व पुराव्याची छाननी करून लिहिलें कीं केवळ वायूवर दोष ठेवतां येत नाहीं. त्या डोंगरांतील लोक पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्नें करीत आले असल्यामुळें त्यांच्यांत एखादी आनुवंशिक दुर्बलताही असूं शकेल. चारशें वर्षांपूर्वीं ज्या प्रश्नाची सुरुवात बायकांच्या लग्नांपासून झाली तो पुनः लग्नांपाशींच येऊन ठेपला, हें वाचून आम्हांस हसावें कीं काय करावें तें कळेना.

१९५१ सालीं रॉचेस्टर विद्यापीठाच्या विल्यम बेल ह्यानें एका छोट्या टिपणांत ती गांठ सोडविली. वायु बाहेर येतो हें खरें. पण हवेंत आधींच तरंगत असलेलीं त्याचीं घनरूप अपत्यें धुळीवर स्वार होऊन श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात आणि तेथेंच फुटतात. त्यांचे आल्फा-कण केसाच्या जाडीइतकेंही अंतर जात नाहींत, पण तेवढ्यांत ज्या पेशींपासून कर्करोग उद्भवतो त्या पेशी असतात. हा हिशेब मांडतांच पूर्वीचा आंकडा कितीतरी पटींनीं वाढला आणि श्नेबेर्गचें कोडें सुटलें. जें बेल ह्यानें लिहिलें तें १९०१ सालीं एल्स्टर आणि गाइटेल ह्यांनीं चामड्याच्या तुकड्यावर पुसून घेतलें होतें. फुप्फुस ही देखील तशीच एक तार आहे, एवढें म्हणण्यास पन्नास वर्षें लागलीं.

ह्यापुढें अज्ञानाची सबब उरत नाहीं, आणि म्हणूनच ह्यापुढचा भाग लिहितांना हात जड होतो. अणुबॉंबसाठीं युरेनियमची हांव त्याच सुमारास सुटली होती. अमेरिकेच्या कोलोरॅडो पठारावर शेंकडों लहान खाणी उघडल्या. त्यांत नव्हाहो जमातीचे पुष्कळ लोक कामास लागले. १९५० सालीं तेथील सार्वजनिक आरोग्य खात्यानें कामगारांची वैद्यकीय तपासणी सुरू केली. खाणमालकांनीं आंत येऊं द्यावें म्हणून खात्यानें एक अट पत्करली: धोक्याची गोष्ट कामगारांस सांगावयाची नाहीं. डंकन हॉलडे नांवाचा त्या खात्याचा इंजिनिअर वर्षानुवर्षें खाणींतील हवा मोजीत होता आणि पंखे बसवून हवा खेळती ठेवा, एवढ्यानेंच धोका पुष्कळ कमी होईल, असें सरकारास सांगत होता. युरेनियमचें एकमेव गिऱ्हाईक असलेला अणुशक्ति आयोग म्हणे, खाणींची सुरक्षितता आमच्या अखत्यारींत नाहीं. कामगारांच्या छातीचे फोटो काढले गेले, रक्त तपासलें गेलें, नोंदी उत्तम ठेविल्या गेल्या. १९६७ सालीं मजूरमंत्री विलर्ड विर्ट्झ ह्यांनीं आपल्या अधिकारांत खाणींतील हवेवर मर्यादा घातली, तोंवर त्या नोंदवहींतील पुष्कळ नांवांपुढें मृत्यूची तारीख पडली होती. विधवांनीं आणि वांचलेल्यांनीं दावे लाविले. ते कोर्टांत टिकले नाहींत. शेवटीं १९९० सालीं अमेरिकन कायदेमंडळानें कायदा करून राष्ट्राच्या वतीनें माफी मागितली आणि रोगग्रस्त खाणकामगारास किंवा त्याच्या वारसांस एक लाख डॉलर देऊं केले. टालरच्या गांवापासून निघालेला शब्द असा परत आला.

लोकशाहीच्या देशांत हें झालें. इतरत्र काय झालें असेल ह्याची कल्पना वाचकांनीं करावी. यॉखिमोव्हच्या खाणींत १९४९ पासून पुढें सुमारें बारा वर्षें चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट राजवटीनें राजकीय कैदी राबविले. श्नेबेर्गच्या बाजूस रशियनांनीं ‘विस्मूट’ नांवाखालीं जो उद्योग १९४६ पासून चालविला त्यांत १९९० पर्यंत सुमारें चार लाख माणसांनीं काम केलें. आरंभींच्या वर्षांत हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था नव्हतीच म्हटलें तरी चालेल. ओबेरश्लेमाचीं तीं आलिशान स्नानगृहें खालच्या युरेनियमसाठीं जमीनदोस्त झालीं. त्या उद्योगांतील हजारों कामगारांचा फुप्फुसाचा कर्करोग पुढें सरकारदरबारीं धंद्यामुळें झालेला म्हणून मान्य झाला.

हें सर्व खाणीचें झालें, घराचें काय? स्वीडनमध्यें १९५६ सालीं हुल्टक्विस्ट ह्यानें घराघरांतील वायु मोजून दाखविला होता, पण त्याकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. १९८४ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतांत एका अणुवीजगृहाच्या दारांतील धोक्याची घंटा एका इंजिनिअरास पाहून वाजूं लागली. तो बाहेर जातांना नव्हे, तर आंत येतांना! ते वीजगृह अद्याप सुरूही झालें नव्हतें. चौकशीअंतीं कळलें कीं किरणोत्सर्गी द्रव्य तो आपल्या घरून कपड्यांवर घेऊन येत होता. त्याच्या घरांतील हवेंत दर घनमीटरास सुमारें एक लाख बेकेरेल इतका रेडॉन होता. जगांतील घरांची सरासरी चाळीसच्या आसपास आहे. १९८८ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें रेडॉनला मनुष्यास कर्करोग करणारें द्रव्य ठरविलें, आणि २००९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें घरासाठीं शंभर बेकेरेलची मर्यादा सुचविली.

धोका किती, हें आंकड्यांनींच सांगितलेलें बरें, कारण अशा विषयांत भीति लवकर पसरते. २००५ सालीं युरोपांतील तेरा अभ्यास एकत्र करण्यांत आले. त्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७,१४८ रोगी होते. दर शंभर बेकेरेलमागें धोका शेंकडा सोळांनीं वाढतो, असें त्यांतून निघालें. जो धूम्रपान करीत नाहीं त्याला पंचाहत्तर वर्षांच्या आंत हा रोग होऊन मृत्यु येण्याचा संभव रेडॉन मुळींच नसतां हजारांत चार, आणि चारशें बेकेरेल असतां हजारांत सात. विड्या-सिगारेटी ओढणाऱ्यास हेच आंकडे हजारांत शंभर आणि एकशें साठ. एका आंकड्यावरून दुसऱ्याकडे नजर फिरवितांच घरमालकानें प्रथम काय करावें तें दिसतें. वायूची चौकशी त्यानें नंतर खुशाल करावी.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस मात्र ह्या बाबतींत सह्याद्रीचे आभार मानावयास हरकत नाहीं. दख्खनचा काळा पाषाण युरेनियम आणि थोरियम ह्यांच्या दृष्टीनें दरिद्री आहे, आणि दारें-खिडक्या उघडीं टाकून राहण्याची आपली रीत हा वायु सांचूं देत नाहीं. थंड देशांतील बंद घरांत तो तळघरांतून वर येतो आणि कोंडतो. केरळच्या किनाऱ्यावरील थोरियमयुक्त वाळूची गोष्ट निराळी. ती मुख्यतः बाहेरून किरण टाकते, आणि तिच्याविषयीं स्वतंत्रच लिहावें लागेल.

मापनाचें साधनही आतां पार बदललें. सोन्याचीं पानें गेलीं. पोस्टाच्या तिकिटाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा डबींत घालून तीन महिने फडताळावर ठेवितात. प्रत्येक आल्फा-कण त्यावर एक ओरखडा काढून जातो. मग तो तुकडा कॉस्टिक सोड्याच्या कढत पाण्यांत ठेविला कीं ओरखड्यांचीं छिद्रें होतात आणि सूक्ष्मदर्शकाखालीं मोजतां येतात.

यॉखिमोव्हच्या जुन्या खाणींपैकीं स्वोर्नोस्ट नांवाची एक खाण अजून चालूं आहे. तींतून रुपें निघत नाहीं, युरेनियमही निघत नाहीं. निघतें तें कोमट पाणी, सुमारें पांचशें मीटर खोलीवरून, वरच्या स्नानगृहांसाठीं. संधिवाताचे रोगी वीस वीस मिनिटें त्यांत बसतात, मोजून. ज्या झऱ्याचें पाणी ह्या कामीं येतें त्यास बेहोउनेक ह्याचें नांव दिलेलें आहे.